फोटो आमचा न्हवताच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. मी खानापूरचा, पाच जणांच्या बँडात ढोलकी वाजवतो. गणपती जवळ आलेत, आता तुमच्याकडं बँडवाल्यांच्या बातम्यांचा ढीग लागणार, म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी एका पेपरात आमची बातमी आली आणि फोटो दुसऱ्याच बँडचा! तावातावानं ऑफिसात गेलो तर तिथल्या माणसानं आमचाच व्हॉट्सअॅप मेसेज उघडून दाखवला. चौदा फोटो, एकाखाली पण नाव नाही, आणि त्यात आमच्या कीबोर्डवाल्यानं त्याच्या जुन्या बँडचा एक घुसडलेला. गप चहा पिऊन परत आलो.

मग यंदा बसून प्रेस किट, म्हणजे पेपरवाल्यांना द्यायचा माहितीचा संच, केलं. फोटो दोनच, एक आडवा एक उभा, फाईलच्या नावातच डावीकडनं कोण कोण ते लिहिलंय. छपाईला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे सहा इंच रुंद फोटोला 1800 पिक्सेल, आणि व्हॉट्सअॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबून बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट करून नाहीतर ड्राइव्हची लिंक. सोबत गाण्याची एक लिंक आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर (आमच्यात तो मीच, बाकीचे उचलत नाहीत).

खरी मारामारी झाली ती बँडची ओळख सांगणाऱ्या चार ओळींवर. पहिल्या मसुद्यात "कुमार गंधर्वांच्या भूमीतले" असं होतं. 1924 साली कुमारजी आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले हे खरं, पण आम्ही वाजवतो वरातीत हो! काढलं ते. आता कुठं वाजवतो, काय वाजवतो, एवढंच. मराठी आणि कन्नड दोन्हीत केलंय, कारण चिक्कोडी-अथणीकडची मंडळं कन्नडच मागतात. आधी लेटरहेडचा फोटो काढून पाठवायचो, तुमच्या डीटीपीवाल्याला सगळं परत टाईप करायला लागायचं बिचाऱ्याला, आता युनिकोडमधला सरळ मजकूर, कॉपी करा नि लावा.

तुमच्याकडनं एकच पायजे. एकदा छोटी चौकट छापा की, मेल कुठल्या पत्त्यावर करायचा, किती शब्द आणि किती वाजेपर्यंत. फोन केला की एक जण सहा म्हणतो, दुसरा आठ.

आपला,
एक ढोलकीवाला, खानापूर