भंगारातून रॉड निवडून देणाऱ्या भुसावळच्या भाऊंना

भाऊ, स. न. वि. वि.

पेनाने चित्र काढणारं मशीन, म्हणजे प्लॉटर, घरी करायचं म्हटलं की जो तो आधी मोटर शोधतो. तुम्ही आधी रॉड बघायला लावलेत, म्हणून पहिले आभार त्याचेच. लोखंडाच्या दुकानातला 8 मिमीचा साधा गज सगळीकडे सारखा जाड नसतो. एलएम8यूयू बेअरिंगमध्ये (8 मिमीच्या रॉडवर सरकणारं बेअरिंग) तो एक तर अडकतो, नाहीतर खडखडतो, आणि कागदावर रेघ थरथरते. तुम्ही जुन्या प्रिंटरमधला एकेक रॉड तीन-तीन ठिकाणी व्हर्नियरने मोजलात, मग काचेवर लोळवलात. खालून उजेड लुकलुकला की तो बाद. असे चार सरळ रॉड निघाले. पैसे मात्र किलोच्या भावाने घेतलेत, हे काही आम्हाला पटलेलं नाही.

इंकजेटमधली दोन तारांची मोटर तुम्ही हातात घेऊच दिली नाहीत. ती डीसी, तिला पावलं मोजता येत नाहीत. चार तारांच्या स्टेपरच्या (पावला-पावलाने फिरणाऱ्या मोटरच्या) तारांच्या जोड्या ओळखायला मीटरही लागला नाही: दोन तारा एकमेकींना टेकवायच्या आणि दांडा फिरवायचा, जड गेला तर ती जोडी. जोडी चुकली की मोटर नुसती गुरगुरते.

पट्ट्याचं तर खास सांगायला हवं. जीटी2 आणि एमएक्सएल हे दाती पट्ट्याचे दोन प्रकार शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही. तुम्ही 100 दात मोजून पट्टी लावलीत. 200 मिमी भरलं तर जीटी2, 203.2 भरलं तर एमएक्सएल. 20 दातांची पुली, 200 पावलांची मोटर आणि 16 मायक्रोस्टेप (एका पावलाचे 16 भाग) धरले की जीआरबीएलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मिमीला 80 पावलं येतात. एमएक्सएल पट्टा आणि त्याचीच 20 दाती पुली लावून हाच आकडा ठेवला असता, तर 200 मिमीची रेघ 3 मिमीने लांबली असती, आणि आम्ही प्रोग्राम उसवत बसलो असतो.

आता उन्हाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, त्यात पत्र्याची शेड आणि तापलेली मोटर. मोटर धरणारा तुकडा पीएलए प्लास्टिकचा (थ्रीडी प्रिंटरचं) केला तर ते 60 अंशांच्या सुमारास नरमतं, मग मोटर कलते आणि पट्टा सैल पडतो. स्कॅनरच्या सांगाड्याचा पत्रा कापून दिलात, म्हणून ते टळलं. चार भोकं 31 मिमी अंतरावर, मधलं 22 मिमीचं. ए4988 ड्रायव्हरही (मोटरला करंट देणारं छोटं सर्किट) उन्हात स्वतःहून बंद पडतो आणि चित्र मध्येच सरकतं. म्हणून 0.8 अँपिअरसाठी व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) 0.64 व्होल्टच ठेवलं. हे ड्रायव्हरवर आर100 (0.1 ओहम) छापलेल्या रोधासाठी. आर050 (0.05 ओहम) असेल तर 0.32.

मधलं भोक मोठं करायला दिलेली अर्धगोल कानस आमच्याकडेच राहिली आहे. शनिवारी आणून देतो.

आपले,
प्लॉटरवाले, जळगाव