टॉमस ऑलिव्हर्सविषयी

चि. सुमित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लंडनच्या सिटी रोडवरील चॅपेलमागे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांची कबर पाहिल्याचे तू कळवलेस. त्याच कबरीत 1799 मध्ये टॉमस ऑलिव्हर्स यालाही पुरले आहे. तो कोण होता, हे तुला ठाऊक असावे असे वाटते.

वेल्समधील ट्रेगिनन या गावी 1725 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईबापांना पारखा झाला. पुढे त्याला जोडे शिवण्याचे काम शिकायला ठेवले. पण काम थोडे आणि शिवीगाळ व उधारी फार, असा त्याचा लौकिक झाला. ब्रिस्टल येथे प्रसिद्ध उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी बायबलमधील जखऱ्याच्या पुस्तकातील, अग्नीतून ओढून काढलेल्या कोलिताच्या वचनावर दिलेला उपदेश ऐकून तो पालटला. अशी मनःपरिवर्तने आपण पुष्कळ वाचतो. मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. वारशाची थोडी रक्कम हाती येताच त्याने घोडा घेतला, ज्या ज्या गावी उधारी बुडवली होती तेथे तो स्वतः गेला आणि सुमारे 70 जणांचे देणे चुकते केले. ते पुरे करता करता घोडा, खोगीर आणि लगामही विकावे लागले. सभेत रडून पापे कबूल करणे त्यामानाने सोपे, असे माझे मत आहे.

घोडा असा विकला गेल्यामुळेच, 1753 मध्ये वेस्ली यांनी त्याला उपदेशक म्हणून कॉर्नवॉलला पाठवले, तेव्हा तो खांद्यावर पिशव्या टाकून पायीच निघाला. पुढे 5 पौंडांत एक शिंगरू मिळाले आणि त्याच एका जनावरावर त्याने सुमारे 25 वर्षांत 1,00,000 मैल प्रवास केला.

साधारण 1770 च्या सुमारास लंडनमधील ड्यूक्स प्लेस येथील यहुदी सभास्थानात गायक मायर लायन यांच्या मुखातून ‘यिगदल’ हे हिब्रू स्तोत्र ऐकून ऑलिव्हर्सने अब्राहामाच्या देवाचे ते प्रसिद्ध गीत रचले. गायकाच्या रंगभूमीवरील नावावरून चालीला ‘लिओनी’ म्हणतात. तिची चार आवाजांची स्वरलिपी तिकडे मिळाली, तर आपल्या गायकवृंदासाठी अवश्य पाठव.

उतारवयात वेस्ली यांच्या ‘आर्मिनियन मॅगझिन’ या मासिकाच्या छपाईवर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे होते. छपाईच्या चुका असह्य झाल्या आणि न विचारता मजकूर घातला जातो, या दोन कारणांसाठी वेस्ली यांनी 1789 मध्ये त्याला त्या कामावरून दूर केले. चुका बारा वर्षे सोसल्याचेही त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. निर्णय योग्यच होता, परंतु शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या, उभा जन्म खोगिरावर काढलेल्या माणसाला मुद्रिते तपासायला बसवले कोणी, हेही वेस्ली यांनी तेथेच नोंदवायला हवे होते.

कळावे,
तुझे पपा