शिबिराची तारीख ठरवण्याआधी ओढा पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची नोंदणी चालू आहे. थोड्याच दिवसांत यंदाचे श्रमसंस्कार शिबिर कोणत्या गावात घ्यायचे, यावर बोलणी सुरू होतील. ती होण्याआधी कार्यक्रम अधिकारी, प्राचार्य आणि दत्तक गावांचे सरपंच यांच्यापुढे आमची एक मागणी आहे. स्वयंसेवकाच्या वर्षभराच्या सेवेचे १२० तास आणि शिबिराचे सात दिवस यांची जोडणी एकाच गावाशी आणि त्या गावाच्या पावसाशी करावी. आज ते तास शहरातल्या फेऱ्यांत आणि आवाराच्या साफसफाईत जातात. शिबिराचे सात दिवस मात्र परीक्षा संपली की जेव्हा जमेल तेव्हा, म्हणजे बहुधा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत येतात. त्या दिवसांत मग जे काम हाताला लागेल ते केले जाते.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची घडण दोन वर्षांची आहे. दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर. शंभर स्वयंसेवकांच्या युनिटमागे पन्नास जण शिबिराला. ही घडण पाणलोटाच्या, म्हणजे पाणी अडवण्या-जिरवण्याच्या, कामाला सोयीची आहे, कारण जानेवारीत खड्डा खणणारा प्रथम वर्षाचा विद्यार्थी पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात रोप लावायला महाविद्यालयातच असतो. हा फायदा फार थोडी महाविद्यालये घेतात. दरवर्षी नवे गाव आणि नवा फलक, असे होत असेल तर तो घेताही येत नाही.

पहिले उदाहरण वनराई बंधाऱ्याचे, म्हणजे ओढ्यात मातीची पोती रचून घातलेल्या तात्पुरत्या बांधाचे. शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर हे काम हमखास असते आणि हमखास उशिरा असते. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांच्या पट्ट्यात पावसाचा मोठा भाग परतीचा असतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस माघारी जातो, त्यानंतर ओढ्याला धार राहते ती काही आठवडेच. बंधारा त्याच काळात पडायला हवा. जानेवारीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला पाणीच नसते. फोटो चांगला येतो, पण शेजारच्या विहिरीला त्याचा काही उपयोग होत नाही.

त्यासाठी निवासी शिबिर ऑक्टोबरात ओढायची गरज नाही. वनराई बंधारा हे दोन रविवारांचे काम आहे आणि ते नियमित तासांत बसते. सहा मीटर रुंदीच्या ओढ्यावर एक मीटर उंचीचा बंधारा धरा. सिमेंटची रिकामी पोती दोन-तृतीयांश भरून, तोंड दाभणाने सुतळी घालून शिवली की प्रत्येकी पस्तीस-चाळीस किलोची होतात. आडवी पसरून दाबल्यावर थर साधारण बारा सेंटिमीटरचा बसतो, म्हणजे आठ थर लागतात. खालच्या तीन थरांत पोत्यांच्या तीन रांगा, मधल्या तीन थरांत दोन, वरच्या दोन थरांत एक. हिशेब १७० पोत्यांच्या घरात जातो. दोन्ही काठांत घुसवायची आणि फाटणारी धरून दोनशे पोती गोळा करावीत. ती एका दिवसात मिळत नाहीत. गावात चालू असलेल्या बांधकामांवर ऑगस्टपासून सांगून ठेवावे लागते. खताची पातळ पोती टाळावीत, ती ओझ्याने उसवतात.

हे बंधारे फुटतात किंवा गळतात त्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले, पाया. ओढ्यातली मोकळी वाळू तशीच ठेवून तिच्यावर पोती रचली तर पाणी खालून निघून जाते आणि आठ दिवसांत बंधाऱ्याखाली बोगदा पडतो. वाळू काढून कडक थर लागेपर्यंत एक-दीड फूट चर घ्यावा आणि पहिला थर त्यात बसवावा. दुसरे, भरण. नुसत्या वाळूची पोती पाणी धरत नाहीत. पोत्यात मुरूम-माती असावी, आणि रांगांच्या मधल्या फटीत व पाण्याच्या बाजूला काळी चिकण माती ओली करून तुडवावी. तिसरे, सांधे. विटेच्या बांधकामात जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत तसेच इथेही. चौथे, काठ. शेवटचे पोते काठाला नुसते टेकवले तर पाणी बगल देऊन काठच खाते. ते किमान अर्धा मीटर आत गेले पाहिजे. आणि मध्यभागी एक थर कमी ठेवून जादा पाण्याला वाट द्यावी, म्हणजे ते काठावरून न जाता ओढ्याच्या पात्रातच पडेल. ऊन खाऊन ही पोती एका हंगामात विरतात. मे महिन्यात ती काढून नेण्याचे काम कोणाचे, हे बंधारा बांधतानाच ठरवा. नाहीतर प्लास्टिकच्या चिंध्या पुढच्या पुराबरोबर खालच्या शेतात जातात.

आता शिबिराचे सात दिवस. डिसेंबर-जानेवारी हा काळ डोंगरउतारावरच्या सलग समतल चरांसाठी, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांसाठी ठीक आहे. शिवारात ज्वारी उभी असली तरी गायरान मोकळे असते आणि ऊन सोसवते. पण सातपैकी पहिला दिवस येण्यात आणि उद्घाटनात जातो, शेवटचा समारोपात. खरे श्रमदान पाच सकाळींचे, रोज चार तास. पन्नासातले दहा जण स्वयंपाक, पाणी आणि इतर कामांवर असतात. उरलेल्या चाळीस जणांचे पाच-पाचाचे आठ गट करावेत. दोन फूट रुंद, एक फूट खोल चर धरला तर एका गटाचा सकाळचा उरक मऊ मुरमात दहा-अकरा मीटर, कडक मुरमात त्याच्या निम्मा. म्हणजे पूर्ण शिबिरात मऊ जागी चारशे मीटर आणि कडक जागी दोनशेच्या आसपास. एवढेच होते, आणि एवढे पुष्कळ आहे: मीटरभर चरात १८० लिटर पाणी मावते, चारशे मीटर चर एकदा भरला की ७२ हजार लिटर मुरते. ‘दोन किलोमीटर चर’ असे कागदावर ठरवले की पोरे चार इंच उकरून पुढे सरकतात, आणि तो चर पहिल्याच पावसात गाळाने बुजतो.

आखणी शिबिराच्या पहिल्या सकाळी करू नये. ती डिसेंबरच्या एका रविवारी आठ-दहा विद्यार्थ्यांनी उरकून पांढऱ्या फक्कीने रेघा मारून ठेवावी. साधन अगदी साधे आहे. दोन मीटरचे दोन बांबू, मध्ये आडवी काठी आणि टोकापासून सोडलेला ओळंबा, अशी इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट. वापरण्याआधी तिचा मध्य तपासायचा: ओळंबा जिथे येतो तिथे खूण, मग दोन्ही पाय अदलाबदल करून पुन्हा खूण, आणि दोन्ही खुणांचा मध्य हीच खरी पातळी. ही पायरी गाळली की चौकट खोटे सांगत राहते. पारदर्शक नळीत पाणी भरूनही पातळी काढता येते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. लांब चरात एक टोक चार बोटे जरी खाली गेले तरी सगळे पाणी तिकडे धावते आणि बांध तिथेच फुटतो. म्हणून दर आठ-दहा मीटरवर हातभर जमीन न खोदता आडवी सोडावी. काम माथ्यापासून खाली आणावे. पायथ्याला रस्ता जवळ आहे म्हणून तिथून सुरुवात केली तर वरून येणारा लोंढा खालचे सगळे चर घेऊन जातो. उकरलेली माती उताराच्या बाजूला, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून टाकावी. अगदी काठावर टाकली तर तीच पुन्हा चरात येते. माण-जत भागात मेंढरांची वाट कुठून जाते ते मेंढपाळांना विचारून तेवढी जागा मोकळी ठेवावी.

जमीन कोणाची, हे तलाठ्याकडे गट नंबरावरून पाहून घ्यावे. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, खासगी असेल तर लेखी संमती, वन विभागाची असेल तर त्यांची परवानगी आल्याशिवाय कुदळ मारू नये. तिसऱ्या दिवशी काम बंद पडते ते याच कारणाने.

अवजारांची नोंदही आधी हवी: आठ गटांना वीस टिकाव-कुदळी, दहा खोरी, वीस घमेली, चार पहारी आणि पाच जादा दांडे. सैल दांड्याचा टिकाव कोणाच्याही हातात देऊ नये. दांडा रात्री पाण्यात ठेवला की सकाळी घट्ट बसतो, पण पाचर मारणे अधिक खात्रीचे. टिकाव चालवणाऱ्या दोघांत दोन मीटर अंतर असावे. खोदकामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्याच हाताला फोड येतात, म्हणून त्या दिवशी अडीच तासांवर थांबावे. फोड फोडू नयेत, पट्टी बांधून त्या विद्यार्थ्याला घमेल्यावर घ्यावे. दगड हाताने उलथू नयेत, खाली विंचू असतो. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे सर्पदंशावरचे औषध आहे का आणि रात्री वाहन कोणाचे, हे भिंतीवर लिहून ठेवावे.

मुक्काम बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात असतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, दिवा आणि पाणी आहे का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन पाहावे, फोनवर विचारून चालत नाही. ग्रामीण भागातले पालक मुलीला सात दिवस पाठवतात की नाही हे बऱ्याच अंशी यावर आणि महिला प्राध्यापक मुक्कामाला आहेत की नाही यावर ठरते. साठ माणसांच्या एका जेवणाला सात किलो पीठ, पाच किलो तांदूळ आणि सव्वादोन किलो डाळ पुरते; नाश्त्याला साडेचार किलो पोहे. खोदणाऱ्या मुलांची भूक तिसऱ्या दिवसापासून वाढते, तेव्हा भाकरी सव्वापट धरावी. कामावर माणशी तीन-चार लिटर पिण्याचे पाणी लागते. गावाला टँकरने पाणी येत असेल तर हे दोनशे लिटर गावाच्या वाट्यातून जाऊ नयेत.

वृक्षारोपणाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: हिवाळी शिबिरात एकही रोप लावू नये. जानेवारीअखेर लावलेल्या दोनशे रोपांना आठवड्याला प्रत्येकी दहा लिटर धरले तरी जूनच्या मध्यापर्यंतच्या वीस आठवड्यांत चाळीस हजार लिटर पाणी लागते. इतके पाणी त्या गावात उन्हाळ्यात कुठून येणार? शिबिरात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घ्यावेत, त्यांना ऊन लागू द्यावे, आणि चांगले दोन पाऊस झाल्यावर जुलैत त्याच विद्यार्थ्यांनी शेणखत-माती भरून रोपे लावावीत. चरांच्या बांधावर मात्र पहिल्या पावसाबरोबर स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचे बी विस्कटायला हवे, नाहीतर बांधाची माती धुपते.

आणखी एक काम आहे, त्याला ना कुदळ लागते ना निधी. ओढ्याकाठच्या पाच विहिरी निवडून ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलमध्ये काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपला वजन बांधून मोजणे. वेळ सकाळची, पंप सुरू होण्याआधीची. विहिरीचा मालक, गट नंबर, तारीख, पाऊस आणि अंतर, एवढीच नोंद. तीन-चार वर्षांची अशी वही असेल तर बंधाऱ्याचा उपयोग झाला की नाही, याचे उत्तर गावाजवळ असेल. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून या योजनेला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. ते हजेरीच्या सह्यांवर देण्याऐवजी अशा वहीवर द्यावेत.

गावाच्या श्रमातून काय होते हे कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ च्या ‘वॉटर कप’ या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत पहिले येऊन दाखवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ज्या जिल्ह्यात ‘कमवा आणि शिका’ उभे केले, तिथल्या विद्यार्थ्यांना कुदळीचे वावडे नाही. त्यांच्या चार तासांचे चीज होईल अशी आखणी त्यांना मिळायला हवी.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती. हिवाळ्यात शिबिरांच्या बातम्या आपण आवर्जून छापता. त्यांत उद्घाटकांच्या नावांबरोबर चर किती मीटर झाला, कोणत्या गट नंबरात झाला आणि मागच्या वर्षीच्या चराची स्थिती काय आहे, हे तीन तपशील महाविद्यालयाकडून मागून घ्यावेत.

आपले,
राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहिलेले काही निवृत्त प्राध्यापक, सातारा