ताईसाठी धावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

भावोजी अचानक गेले. ताईच्या पदरात दोन शाळकरी मुलं. दिवसकार्य आटोपतं न आटोपतं तोच गावच्या आशा सेविका (आरोग्य कार्यकर्त्या) घरी आल्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात, हे त्यांनीच सांगितलं.

पण खरी गंमत पुढेच आहे (गंमत म्हणायचं आपलं!). मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत, उत्पन्नाचा दाखला आणि संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक मदतीचा अर्ज तहसीलला, मुलांच्या बालसंगोपन योजनेचं (वडील किंवा आई गमावलेल्या मुलांना मदत) काम महिला व बालविकास खात्याकडे. त्यात प्रत्येक मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात, पण आधी गृहभेट, अहवाल, मग बालकल्याण समितीचा आदेश. दुःखातल्या बाईनं कुठं कुठं फिरायचं?

इथं अंगणवाडीच्या बाईंनी त्याच खात्याच्या बाल संरक्षण कक्षात फोन लावला, तिथल्या मॅडमनी तलाठीभाऊंना कागदांची यादी कळवली. एकदा दिलेली झेरॉक्स पुन्हा कुणी मागितली नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. सेवा केंद्रातल्या पोरानं तर ताईचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही हे आधीच हेरलं. नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकले असते.

नावं छापू नका, असं तुम्हीच बजावलंत, म्हणून छापत नाही. बालसंगोपनाचा पहिला हप्ता जमा झालाय. ताईनं तुम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय, रविवारी नक्की या.