खिरीच्या सणाची नोंद

क्राकूव, १८ मे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शालोम आणि सादर नमस्कार.

निघण्याच्या आदल्या रात्री बाबांनी फोनवर विचारले होते की, ज्या देशात आपले कोणी नाही आणि जिथे आता बहुतेक कबरीच उरल्या आहेत, त्या पोलंडमध्ये यहुदी इतिहास शिकायला जाण्याचे कारण काय. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही आणि मी विषय बदलला, याचे मला नंतर वाईट वाटले. आमच्या विद्यापीठातील सोळा विद्यार्थ्यांचा हा अभ्यासदौरा उद्या संपतो आहे. दहा दिवसांनंतर थोडेफार नीट सांगता येईल असे वाटते, म्हणून सवडीने हे पत्र लिहीत आहे.

पहिले चार दिवस आम्ही वॉर्सामध्ये होतो. नाझींनी यहुदींना कोंडून ठेवलेल्या वस्तीच्या, म्हणजे जुन्या घेट्टोच्या, जागेवरच पोलिन नावाचे संग्रहालय उभे आहे आणि त्यातील मुख्य प्रदर्शन २०१४ पासून लोकांना खुले आहे. नावामागे एक दंतकथा आहे. पश्चिमेकडून छळाला कंटाळून आलेल्या यहुदींना या भूमीवर ‘पो लिन’, म्हणजे ‘इथे मुक्काम कर’, असे शब्द ऐकू आले, असे सांगतात. ते ऐकताना मला आपल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुदींच्या, कथेतला नवगावचा किनारा, फुटलेले गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी आठवली. मृत्यूचा इतिहास पाहायला मिळेल अशा तयारीने मी आत गेले होते, पण तिथे हजार वर्षांच्या नांदत्या संसाराचा इतिहास मांडलेला आहे. ग्वोझ्जिएत्स या आता युक्रेनमध्ये असलेल्या गावातील एका लाकडी सिनेगॉगचे, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराचे, रंगवलेले छत कारागिरांनी आणि विद्यार्थ्यांनी जुन्या पद्धतीची हत्यारे वापरून पुन्हा घडवले आहे. त्यावरचे प्राणी, वेली आणि राशींची चित्रे पाहत मी कितीतरी वेळ मान वर करून उभी होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख यहुदी राहत होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३० लाख मारले गेले. हे आकडे मी पूर्वीही वाचले होते, परंतु ते छत पाहिल्यानंतर नेमके काय नष्ट झाले हे मला प्रथमच कळले.

क्राकूवला येताना आगगाडीत एका सहाध्यायिनीने मला अगदी सरळ मनाने विचारले की, तुमच्या कुटुंबाने यहुदी धर्म केव्हा स्वीकारला. मी तिला कोकणात तेलघाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेलीं’ची हकीकत सांगितली. पेणकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावे गावांवरून कशी पडली तेही सांगितले, आणि इतर सारे विसरले गेले त्या काळातही ‘शमा’ ही प्रार्थना आपल्या लोकांच्या ओठांवर कशी टिकून राहिली हेही सांगितले. तिने सगळे मन लावून ऐकले आणि मग विचारले की हे कुठे लिहिलेले आहे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये पुरा केलेला बेने इस्राएलांचा इतिहास चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेला, एवढेच मला सांगता आले. आपल्या घरातले, आपल्या आळीतले काय लिहिलेले आहे, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आउश्वित्झ या नाझींच्या मृत्युछावणीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण आईला रात्री झोप लागणार नाही आणि माझ्याजवळ तेवढे शब्दही नाहीत. तिथल्या २७ क्रमांकाच्या इमारतीत मारल्या गेलेल्यांच्या नावांचे एक प्रचंड पुस्तक आहे आणि त्याची पाने माणसाला दोन्ही हातांनी उलटावी लागतात. माझ्याबरोबरच्या पाच जणांना त्यात आपापल्या घराण्याची नावे सापडली. मीही आपले आडनाव शोधले आणि ते नव्हते. यहुदी म्हणून अलिबागमध्ये आपल्या दारावर कधी कोणी खूण केली नाही, या गोष्टीबद्दल मला त्या क्षणी इतकी कृतज्ञता वाटली की मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. त्याच वेळी, आपला इतिहास यापेक्षा वेगळा असला तरी तोही यहुदी इतिहासच आहे, हे ठामपणे सांगायला मी शिकले पाहिजे, असेही मनात आले.

तसे सांगण्याचे बळ मला काझिमिएश या जुन्या यहुदी वस्तीत मिळाले. तिथल्या लहानशा सिनेगॉगच्या मागे सोळाव्या शतकातले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मोशे इसर्लेस यांची कबर आहे, आणि लोक त्यांना प्रेमाने ‘रेमू’ म्हणतात. योसेफ कारो यांनी धर्मनियमांचा मोठा ग्रंथ रचला आणि त्याला ‘मांडलेले मेज’ असे नाव दिले, परंतु त्यात प्रामुख्याने स्पेनकडून आलेल्या यहुदींचे आचार होते. इसर्लेस यांनी तो ग्रंथ नाकारला नाही. पोलंड आणि जर्मनीकडचे आपले लोक काय करतात हे त्यांनी त्याला जोडून लिहिले आणि त्या टिपांना ‘मेजावरचे कापड’ म्हटले. एखाद्या प्रदेशातील रीत, ज्याला मिनहाग म्हणतात, तिलाही ग्रंथात मानाची जागा आहे हे त्यांनी दाखवून दिले. बाबा, त्या कबरीवर खडा ठेवताना मला आजीचा खिरीचा सण आठवला, बिरड्याचा रोजा हा उपवास आठवला, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने केलेल्या मलिद्याच्या विधीतले पोहे आणि ओले खोबरे आठवले. हे सगळे मी आजवर बाहेरच्या लोकांना काहीशा संकोचाने सांगत आले होते, कारण ते ‘खऱ्या’ यहुदींचे नाही असे कोणी म्हणेल याची मला भीती वाटत असे. आता ती वाटत नाही.

वॉर्सातली एक गोष्ट सांगायची राहिली आहे. घेट्टो १९४० च्या नोव्हेंबरात बंद करण्यात आला, तेव्हा इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने काही सहकाऱ्यांना जमवून आतल्या जीवनाची नोंद ठेवायला सुरुवात केली. ते शनिवारी भेटत, म्हणून त्या गटाचे नाव ‘ओनेग शब्बाथ’, म्हणजे शब्बाथचा, शनिवारच्या विश्रांतीदिवसाचा, आनंद, असे पडले. दैनंदिन्या आणि शाळकरी मुलांचे निबंध यांच्याबरोबर त्यांनी खाण्याच्या गोड गोळ्यांची वेष्टने आणि ट्रामची तिकिटेसुद्धा जपून ठेवली, आणि ते सारे पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. पेट्या १९४६ मध्ये व कॅन १९५० मध्ये सापडले, आणि पुरलेला तिसरा भाग आजही मिळालेला नाही. रिंगेलब्लुम १९४४ मध्ये मारले गेले. त्यांतला एक गंजलेला कॅन मी पाहिला, आणि मृत्यूच्या छायेत भुकेल्या माणसांनी ट्रामचे तिकीट जपले असताना आपण सुखाने राहून काहीच लिहून ठेवले नाही, याची मला लाज वाटली.

म्हणून तुम्हा दोघांकडे माझे मागणे आहे. बाबांनी एक वही करावी आणि इस्राएल आळीतल्या कोणत्या घरात कोण राहत होते, कोण कोणत्या वर्षी इस्रायलला गेले, हे आठवेल तसे लिहावे. क्रम चुकला तरी चालेल. मलिद्याच्या वेळी आई जी मराठी गाणी म्हणते, ती शेजारच्या मुलाकडून फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. ट्रंकेतला जुना मराठी हगादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायचे ते पुस्तक, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा, आणि फाटलेल्या पानांना कृपा करून चिकटपट्टी लावू नये.

नव्याच्या सणाला, म्हणजे आपल्या नववर्षाला, मी घरी येत आहे आणि पुढे आठवडाभर राहणार आहे. आजी करायची तशी नारळाच्या दुधाची खीर आईने त्या दिवसांत करावी आणि करताना मला शेजारी बसवून घ्यावे. तांदूळ किती, गूळ केव्हा, आणि कोणती प्रार्थना कोण म्हणत असे, हे मी विचारीन आणि जागच्या जागी लिहून घेईन.

बाबांनी गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे.

तुमची,
धाकटी