खोका आधी की वूफर आधी?

संपादक महोदय,

जुन्या म्युझिक सिस्टीममधून काढून ठेवलेले वूफर (खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर) हाताशी असले की घरातल्या उरलेल्या प्लायवूडचा हाती येईल त्या मापाचा खोका ठोकायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि तीनच वर्षांपूर्वी मीही तेच केले होते. परिणामी आवाज मोठा, पण घुमणारा निघाला.

वास्तविक खोक्याचे आकारमान वूफरच ठरवतो. ऑस्ट्रेलियात अभियंते नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या गणिताने हा प्रश्न अंदाजातून बाहेर काढला. माझ्या आठ इंची वूफरची अनुनाद-वारंवारता (ज्या कंपनसंख्येला तो आपसूक सर्वाधिक हलतो ती) 30 हर्ट्झ, 'क्यूटीएस' (त्या अनुनादावर त्याचे हलणे किती आवरले जाते याचा आकडा) 0.4 आणि 'व्हीएएस' (वूफरच्या पडद्याइतकीच लवचीक असलेल्या हवेचे आकारमान) 50 लिटर भरले. बंद खोक्यात बसवल्यावर हाच आकडा, म्हणजे एकूण 'क्यू', घुमणे टाळण्यासाठी 0.7 च्या आसपास ठेवायचा असेल, तर एका वूफरला आत सुमारे साडेतेवीस लिटर जागा लागते. दोन एकाच खोक्यात बसवायचे तर 47 लिटर, म्हणजे आतून साधारण 30 बाय 30 बाय 52 सेंटिमीटर. तेव्हा अनुनाद 53 हर्ट्झपर्यंत चढतो, म्हणजे त्याखालचे स्वर क्षीण होतात, ही त्याची किंमत.

खोक्याला 18 मिलिमीटर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी), आतून एक आडवी पट्टी आणि सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल एवढे पुरते. दोन आठ ओहमचे वूफर समांतर जोडल्यास एकूण विद्युत अवरोध चार ओहम होतो आणि अॅम्प्लिफायरवरचा भार वाढतो, तेव्हा तो तेवढा पेलतो का, हे मात्र आधी पाहावे.

– एक वाचक, पुणे