रविवारी रिपीटर बंद राहील, डोंगरावर कामाला माणसं हवीत

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 ते 2 आपला 2 मीटर बँडचा हॅम रेडिओ रिपीटर (आपले सिग्नल ऐकून डोंगरावरून पुन्हा पाठवणारा संच) बंद असेल. निघायचं 6:30 ला, स्वारगेट एसटी स्टँडसमोरून, उशीर करू नका.

लांबची स्टेशनं तुटतायत हे सगळ्यांनाच जाणवलंय. आपला ट्रान्समिट आणि रिसीव्ह यात फक्त 600 किलोहर्ट्झचं अंतर, अँटेना एकच, त्यामुळे 25 वॅट बाहेर पडत असताना तोच बॉक्स मायक्रोव्होल्टच्या खालचा सिग्नल ऐकायला बघतो, आणि डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) ट्यूनिंगवरून जरा जरी सरकला की रिसीव्हर बहिरा होतो. पण मला डुप्लेक्सरपेक्षा केबलचाच संशय जास्त आहे, मागच्या वेळी वरचा कनेक्टर उघडला तर मधली पिन हिरवी पडलेली आणि आत पावसाचं पाणी.

म्हणून आधी अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर शोषून घेणारा रेझिस्टर) लावून बघायचं. त्यावर रिसीव्ह नीट आला तर दोष केबल-अँटेनात, नाहीतर बॉक्समध्ये. तोपर्यंत डुप्लेक्सरच्या कॅव्हिटीच्या ट्यूनिंग स्क्रूला कुणीही हात लावायचा नाही, प्लीज!

- व्हीएनए (केबल-अँटेना तपासायचं मीटर), सोल्डरिंग गन, रबराची वॉटरप्रूफ टेप ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणा
- मास्टवर हार्नेसशिवाय चढायचं नाही, वर माणूस असताना ट्रान्समीटर बंद, ढग गडगडले तर लगेच खाली
- बॅटरी 12 व्होल्टची आणि जड आहे, उचलायला दोघं तरी हवेत
- घरी राहणाऱ्यांनी 2 नंतर हँडीवरून (हातातल्या रेडिओवरून) कमी पॉवरवर कॉल द्या, कॉलसाइन आणि ठिकाण सांगा, रिपीटर उघडणारा टोन लावायला विसरू नका

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा.